तार मेली का?

मंगळवार, ३ जून

पोचलो एकदाचा! राजधानीची बस बाराओना गावाच्या चौकात शिरली, तर नोर्बेर्तो बाकावर उभा राहून, दोन्ही हात पसरून, आमच्या शाळेतली समुद्राची कविता भर लोकांत म्हणत होता. तीही चुकीची. दुसऱ्या ओळीत लाटा आधी येतात की गलबतं, यावरून त्यानं लहानपणीसुद्धा छड्या खाल्ल्या होत्या. मी बसच्या खिडकीतूनच ओळ दुरुस्त केली. मग उतरलो, मग मिठी. ड्रायव्हर म्हणाला, दोन म्हातारे रडताहेत, कुणीतरी पाणी आणा.

नोर्बेर्तोचं घर झकास आहे. खाली किराणा दुकान, वर राहायच्या खोल्या. माझी खोली रस्त्यावर. खिडकीसमोर हाताच्या अंतरावर विजेचा सिमेंटचा खांब, त्यावर ट्रान्सफॉर्मरचा राखाडी डबा, आणि डब्याच्या बाजूनं पाहिलं तर समुद्राची एक निळी चिंधी. कवितेच्या पुस्तकातल्या चित्रात खांब नसायचे, पण म्हाताऱ्यानं एवढं चालवून घ्यावं.

त्यानंच फोन करून बोलावलं मला. म्हणाला, बायको गेल्यावर माणसानं राजधानीत बसून भिंतींशी बोलू नये, माझ्याकडे एक वेडं यंत्र आहे, ये आणि त्याच्याशी बोल. यंत्र म्हणजे जिन्याखालचा इन्व्हर्टर. रस्त्यावरची लाईट गेली की तो घराला बॅटरीवर घेतो, आली की परत सोडतो. इथल्या प्रत्येक बऱ्या घरात असतो तसाच. पण नोर्बेर्तोचा इन्व्हर्टर लाईट असतानाच गेली समजतो. जन्मभर लोकांचे रेडिओ आणि टीव्ही उघडले मी. ऐकूनच बोटं शिवशिवली.

जेवायला त्याची धाकटी बहीण क्रुसिता हिनं हिरव्या केळ्यांचा ऊन लगदा केला होता, वर तळलेला कांदा नि सलामीच्या चकत्या. ती मला लहानपणापासून दादा म्हणते, आता पांढरी झाली तरी म्हणते. दुसरा घास घेतला आणि लाईट गेली. सगळी गल्ली एका सुरात कण्हली. जिन्याखाली 'टक्' झालं, आमचे दिवे लागले. आणि त्याच क्षणी नोर्बेर्तोनं उठून दुकानातला सेलवर चालणारा जुना रेडिओ लावला, कान फाटतील इतक्या मोठ्यानं. मी विचारलं, हे काय? शाळेपासून मला कवीच म्हणतो तो. म्हणाला, घरची रीत, कवी. लाईट गेली की नाच.

लाईट परत आली तेव्हा सगळी गल्ली ओरडली, 'आली!' मीही खिडकीतून ओरडलो. राजधानीत आताशा कुणी ओरडत नाही. समोरच्या घराच्या दारात एक म्हातारी खुर्ची टाकून बसली होती. ती एकटी मात्र ओरडली नाही.

गुरुवार, ५ जून

आज यंत्र उघडलं. केवढा आनंद! धूळ, झुरळाची अंडी, आणि त्या सगळ्याच्या मधोमध रिले, काडेपेटीएवढा काळा ठोकळा. रस्त्यावरून वीज येत असते तोवर त्याच्या पोटातलं कॉइल आपली पट्टी ओढून धरतं. वीज गेली की कॉइल सोडतं, पट्टी खाली पडते आणि घर बॅटरीवर जातं. म्हणजे हा दरवान. आमचा दरवान दिवसाढवळ्या डुलक्या घेतो, एवढीच तक्रार.

दोष शोधताना घाई करायची नसते. आधी नुसतं बघायचं, मग हुंगायचं, मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं हलकेच टकटक करायचं. टकटक केल्यावर रिले एकदा सुटला. पाठीमागची बाजू भिंगाखाली धरली, तर कॉइलच्या पायाशी सोल्डरला बारीक गोल भेग. सापडलास, म्हटलं. जुनं सोल्डर ओढून काढलं, नवं भरलं. हात अजून थरथरत नाही. रिले चालवणारा ट्रान्झिस्टरही बदलून टाकला, तो बिचारा तापून तपकिरी झाला होता.

नोर्बेर्तो सारखा पाठीशी येऊन उभा राहत होता. म्हणाला, तेवढंच कर हं कवी, मागच्या तारांना हात नको लावू, भिंत ओली आहे. मी म्हटलं, भिंत चांगली कोरडी ठणठणीत आहे. तो हसला आणि मला थंडगार बिअर आणून दिली.

संध्याकाळी साखर कारखान्याचा भोंगा झाला. तो ऐकून आम्हाला दोघांनाही शाळेची घंटा आठवली. मी दोन कडवी म्हटली. त्यानं एक म्हटलं आणि मधेच विसरला. लहानपणी मी विसरायचो आणि तो मागच्या बाकावरून सांगायचा. माझ्यासाठी त्यानं मार खाल्लाय. अशी माणसं किती उरलीत?

शनिवार, ७ जून

दोष परत आला. आणि मला आता कळत नाही की दोष म्हणायचं कशाला.

सकाळी नोर्बेर्तो धक्क्यावर मासे आणायला गेला होता. मी जिन्याखाली मल्टिमीटर लावून बसलो होतो. टक्. घर बॅटरीवर. शेजारच्या घरात पंखा फिरत होता, रस्त्यापलीकडे कुणाचं तरी वॉशिंग मशीन खडखडत होतं. गल्लीत लाईट होती. मी रस्त्याकडून येणाऱ्या तारेवर मीटर धरला, तर शून्य. म्हणजे यंत्र खोटं बोलत नव्हतं. एकट्या आमच्याच घराची वीज कुणीतरी बाहेरून तोडली होती.

वायरमन आला असेल म्हणून वर जाऊन खिडकीतून बघितलं. खांबावर कुणी नव्हतं.

फ्रीज थांबलेला, पंखा अजून पुरता फिरू लागलेला नाही. त्या तेवढ्या शांततेत आवाज आला. खच्. थोडं थांबून, खच्. लाकडी खांबावर चढताना वायरमनच्या बुटाचे खिळे रुततात, तो आवाज. असे खांब मी आयुष्यभर पाहिलेत. पण समोरचा खांब सिमेंटचा आहे. त्यात खिळा रुतायचा कसा? खच्. आवाज माझ्या खिडकीशी आला, वर गेला, डब्यापाशी थांबला. मग तिथून एका माणसानं अगदी कामकाजाच्या सुरात विचारलं, 'तार मेली का?'

ही इथली रीत. कोपऱ्यावरचा फ्यूज काढला तरी तारेला हात लावण्याआधी वायरमन खांबाजवळच्या घराला विचारतो. घरातला माणूस बघतो आणि 'मेली' म्हणतो. इतक्या साध्या सुरात विचारलं होतं, की उत्तर द्यायला माझं तोंड उघडलंच. तेवढ्यात क्रुसिता धावत आली. एका हातानं तिनं माझं तोंड दाबलं. हाताला लसणाचा वास होता, तो अजून नाकात आहे. दुसऱ्या हातात रेडिओ, ठणाणा करणारा.

लाईट आल्यावर तिनं हात काढला. एवढंच म्हणाली, दादा, या घरात त्याला उत्तर देत नाहीत. कोणाला, विचारलं, तर भांडी घासायला गेली.

सोमवार, ९ जून

समोरच्या म्हातारीकडे जाऊन आलो. नाव एनेरिया. मला पाहताच म्हणाली, या मिस्तरी, तुमची वाटच बघत होते, त्या घरात आलेला माणूस आठवडाभरात माझ्या खुर्चीशी येतोच. कॉफी दिली, काळी, साखर वाटीभर.

तिचा मुलगा विल्मो. कंपनीची माणसं हाक मारून येत नाहीत, म्हणून गल्लीचा वायरमन तोच. दोन वर्षांपूर्वी, गावदेवीच्या सणाच्या आदल्या दिवशी, नोर्बेर्तोच्या घरासमोरची तार तुटायला आली होती. विल्मोनं कोपऱ्यावरचा फ्यूज काढला, खांबावर चढला, विचारलं. घरातून उत्तर आलं, 'मेली रे, चढ बिनधास्त.' त्यानं हात लावला आणि वरच राहिला. तेव्हा खांब लाकडी होता, तो वरून जळाला. कंपनीनं मग सिमेंटचा आणून बसवला.

मी म्हटलं, फ्यूज काढल्यावर तारेत वीज येईल कुठून?

ती म्हणाली, हेच मी सगळ्यांना विचारलं. सगळे म्हणाले, बाई, तुझा पोरगा प्यायलेला होता, फ्यूज काढायला विसरला असेल. शर्टाला रमचा वास येत होता, सगळ्यांनी घेतला. पाद्रीबाबांनी प्रार्थनेत दारूवर अर्धा तास ऐकवलं, माझ्याकडे बघून. माझ्या विल्मोला दूधसुद्धा पचत नव्हतं, मिस्तरी! बाटलीचं बूच उघडलं तरी त्याला मळमळायचं. आता बायका पोरांना सांगतात, पिऊ नका, नाहीतर त्या एनेरियाच्या विल्मोसारखं व्हाल.

मग म्हणाली, लाईट आली की सगळे ओरडतात. माझ्याकडे ती अजून आलेलीच नाही.

निघताना तिनं टोमणा मारला. दुरुस्तीला आलात ना? मग वरवर नका करू. मुळापासून करा.

बुधवार, ११ जून

नोर्बेर्तो बँकेत गेल्यावर यंत्र भिंतीपासून ओढलं. मागची भिंत कोरडीच आहे. मात्र तिथल्या सगळ्या तारांवर भिंतीचाच हिरवा रंग फासलाय. रंग खरवडला. यंत्रातून घराकडे जाणाऱ्या तारेवर एक जोड निघाला, आणि रस्त्याकडून येणाऱ्या तारेवर दुसरा. दोन्हीकडे तुटकी टोकं. जाड लाल तार. मधला तुकडा कुणीतरी पकडीनं तोडून नेलेला.

हा पूल. रिलेला वळसा घालून बांधलेला. दरवान दारात उभा, आणि मागच्या भिंतीला भगदाड.

कशासाठी, ते शोधायला अंगणात गेलो. मागच्या शेडमध्ये दुकानाचा मोठा फ्रीझर आहे, मांसाचा. त्याची तार मीटरच्या आधीच सरळ रस्त्याच्या तारेला आकड्यानं अडकवलेली. फुकटची वीज. लाईट असेपर्यंत ठीक. पण लाईट गेली की फ्रीझर बंद, कारण इन्व्हर्टर घराला पोसतो, रस्त्याला नाही. सणाच्या आदल्या दिवशी फ्रीझर भरलेला. मग या माणसानं पूल बांधला, आणि बॅटरीची वीज उलटी, घरातून रस्त्यावर, रस्त्यावरून फ्रीझरला. विल्मोनं फ्यूज काढल्यामुळे बाकीची गल्ली तुटली होती, म्हणून बॅटरीला तो भार पेलला. आणि खांबावरचा डबा दोन्हीकडून चालतो. वरून हजारो व्होल्टनी आलेली वीज घरासाठी लहान करतो, आणि घरातून थोडीशी वर पाठवली तर ती हजारो व्होल्टची करून तारेत सोडतो.

चार बॅटऱ्यांनी मारलं त्याला. मांस थंड राहावं म्हणून.

अंगणातच बसलो. कोंबड्या पायाशी येऊन टोचत होत्या. एक कविता म्हणायचा प्रयत्न केला, जुनी, फुलपाखराची. तिसऱ्या ओळीपाशी थांबलो. पुढचं आठवत होतं. म्हणवेना.

गुरुवार, १२ जून

विचारलं त्याला. गच्चीवर डॉमिनोच्या सोंगट्या लावत होता. मला वाटलं होतं, नाही म्हणेल. रडेल. त्यानं सोंगटी ठेवली आणि म्हणाला, तुला म्हटलं होतं भिंत ओली आहे.

मग सगळं सांगितलं, जेवण कसं झालं ते सांगावं तसं. पूल काढायचं डोक्यातून गेलं. 'तो विचारतो, आपण मेली म्हणतो. जन्मभर हेच चालत आलंय, कवी. उठून बघायला जातं कोण?' इथवर मी ऐकून घेतलं असतं. ही चूक इथल्या कुठल्याही घरात होऊ शकते. पण पुढे म्हणाला, लोक जमायच्या आत त्यानं दुकानातली रमची बाटली आणून विल्मोच्या शर्टावर ओतली. मी विचारलं, कशाला रे? तो म्हणाला, मग काय, तुरुंगात जाऊ? त्याला आता काय फरक पडतो, आणि वास तर दोन दिवसांत उडतो. 'आणि तो गेल्यावरच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला सगळ्या गल्लीला मांस मी दिलं हं. फुकट. एनेरियानंही खाल्लं.'

त्याच फ्रीझरमधलं.

मी म्हटलं, तू तिला जाऊन सांगायचंस, सगळ्यांसमोर. त्यानं सोंगट्या गोळा केल्या. म्हणाला, माझ्या छपराखाली झोपतोस, माझी केळी गिळतोस, आणि मला धडा शिकवतोस? तू कविता म्हण, कवी. तेवढंच येतं तुला.

लहानपणी माझ्यासाठी छड्या खाणारा मुलगा तो हाच का? असेलही. छड्या दुसऱ्या कुणाच्या हातात होत्या तेव्हा.

शनिवार, १४ जून

पूल जोडला. नवा लाल तुकडा, वीतभर. दोन्ही टोकं घासून चकचकीत केली, पीळ घातला, वर पट्टी गुंडाळली. इतक्या प्रेमानं मी गेल्या कित्येक वर्षांत काही जोडलं नव्हतं.

उद्या रविवार. चर्चहून सगळे परततात तेव्हा गल्ली भरलेली असते. आमची लाईट 'जाईल' तेव्हा शेडच्या आकड्याला बल्ब लावायचा आणि सगळ्यांना बोलवायचं. मेलेल्या तारेवर पेटलेला बल्ब बघा म्हणावं. एनेरियाबाईंना पुढे उभं करायचं. मला त्याचा चेहरा बघायचाय. शाळेच्या पुस्तकात सूड घ्यायला राजे घोड्यावरून यायचे, तलवारी चमकायच्या. माझ्याकडे वीतभर तार आहे.

रेडिओतले सेल काढून खिशात ठेवलेत.

खरं लिहायचं तर चेहरा बघण्यापेक्षा जास्त काहीतरी हवंय मला. काय ते लिहीत नाही.

रविवार, १५ जून

झालं.

दुपारी चर्च सुटल्यावर टक् झालं. शेजारचे पंखे चालू होते, गेली ती एकट्या आमची. मी शेडपाशी बल्ब लावला. पेटला, पिवळा, स्वच्छ. मी हाका मारल्या. लोक आले. एनेरियाबाई खुर्चीवरून उठून आल्या. मी बोटानं दाखवत गेलो, ही रस्त्याची तार, ही मेलेली असायला हवी, बघा.

नोर्बेर्तो बर्फाच्या पेटीतून हात काढून पळाला, रेडिओकडे. खटके दाबत राहिला. रेडिओ गप्प.

खच्. खच्. सगळ्यांनी ऐकलं. बायकांनी पोरं पोटाशी धरली. वरून आवाज आला, 'तार मेली का?' एनेरियाबाईंच्या तोंडून एकच शब्द गेला, 'बाळा!'

नोर्बेर्तो वर बघत ओरडायला लागला. नाही! मेली नाही! उतर, उतर रे, जिवंत आहे तार, मी खोटं बोललो, उतर! आणि धावत आला नि ओल्या हातानं शेडचा आकडा ओढला.

सुटला नाही तो. त्यानं धरलं होतं तोवर बल्ब मंद झाला होता. मी बल्बकडे बघत होतो. यंत्राचं बटण जिन्याखाली, चार पावलांवर. मला माहीत होतं ते. पाय हलले नाहीत. क्रुसितानं झाडूच्या दांड्यानं तार तोडली.

बल्ब त्याच्या थोडा आधीच परत लख्ख झाला होता, नोर्बेर्तोचा हात गळून पडला तेव्हा.

मंगळवार, १७ जून

पुरलं त्याला. पोलिसांनी अपघात लिहिलं. पाद्रीबाबांनी विल्मोचं नाव घेतलं, खाली मान घालून. एनेरियाबाईंनी माझे हात हातात घेतले. म्हणाल्या, मिस्तरी, मुळापासून केलंत.

संध्याकाळी गल्लीची लाईट जाऊन आली. सगळे ओरडले. एनेरियाबाईंचा आवाज सगळ्यांच्या मागून आला, बारीक, चिरका. आली!

क्रुसिता असुआ गावाला मुलीकडे गेली. निघताना मला दादा म्हणाली नाही. 

मी पूल तोडला. तुकडा खिडकीतून समुद्राच्या दिशेनं फेकला. आता राजधानीला परत जावं. शेडपाशी जळालेली तार लोंबते आहे, कंपनीला कळवलंय, ती माणसं आली की निघेन.

गुरुवार, १९ जून

पूल आहे.

लाल, वीतभर. पट्टीसुद्धा माझ्यासारखीच गुंडाळलेली. हात लावला तर कोमट. पुन्हा तोडला. कॉफी करून आलो. पुन्हा होता.

सकाळी टक् झालं तेव्हा मी गप्प बसून होतो. खच्. खच्. प्रश्न आला. आणि या वेळी उत्तर आलं. माझ्याकडून नाही. जिन्याखालून. तोंडात घास असल्यासारखा, मजेत –

'मेली रे, चढ बिनधास्त.'

त्याचा आवाज मी ओळखणार नाही?

वर काहीतरी जळल्याचा वास आला. मग पुन्हा पहिल्यापासून. खच्. दिवसभर. विल्मोला पुन्हा पुन्हा मारतोय तो. मी विल्मोचा सूड घेतला म्हणून –

शुक्रवार, २० जून

बॅटऱ्या सोडवल्या. चारही. अंगणात नेऊन ठेवल्या.

टक्.

बॅटरी नाही, तरी घरात दिवे. रिले खरवडून काढला. जागा रिकामी, तरी – टक्.

दुपारी जिन्याखालून कविता. समुद्राची. दुसऱ्या ओळीत गलबतं आधी.  त्यानं थांबून पुन्हा म्हटली, चुकीचीच. मी दुरुस्त करावी म्हणून. ओठ चावून बसलो. मग हसला. म्हणाला, बल्बकडे बघत होतास ना, कवी? मी बघितलं तुला. आता माझ्या जागेवर तू बस.

संध्याकाळी एनेरियाबाईंना हाक मारायला तोंड उघडलं. त्यांचं नाव घ्यायचं होतं. निघालं ते – 'मेली'.

त्या दारातून बघत राहिल्या. हसल्या. त्यांना वाटलं, मी नोर्बेर्तोबद्दल, त्याच्या तारेबद्दल – त्यांनी हात हलवला.

शनिवार, २१ जून

कंपनीचा माणूस आलाय. जळालेली तार बदलायला. जाडसर, पिकलेल्या मिशा, कमरेला पट्टा. खरा. सावली पडते आहे त्याची. कोपऱ्यावरचा फ्यूज काढून आला. आमचं घर एकटं पडलं –

टक्.

पूल जागेवर. खाली गेलो. पक्कड घेतली. हात पुढे जात नाही. रविवारी पाय असेच थांबले होते.

चढू नका म्हणून ओरडलो. निघालं, मेली. पुन्हा ओरडलो – मेली, मेली, चढ. त्यानं वर बघून हात केला. आभार मानले माझे.

शिडी लावतोय. तोंडात रुमाल कोंबलाय मी. एनेरियाबाई त्याला पाणी देताहेत. वहीचं पान खिडकीतून दाखवतो, मोठ्या अक्षरांत, अजून खालीच आहे तो, दोन पायऱ्या –

चढू नका
तार जिवंत आहे
माझं ऐकू नका, हे वाचा
मला विचारू नका, दादा
विचारलंत की रुमाल असला तरी मी –